रक्तातली साक्ष

माणसाच्या रक्तात एक विकर असं आहे, की ते जवळजवळ नसलं तरी माणसाचं काही अडत नाही. ब्युटिरिलकोलिनेस्टरेज हे त्याचं नाव. ते यकृतात तयार होतं, तिथून रक्तद्रवात येतं, आणि साधारण बारा दिवसांत त्यातलं निम्मं संपून नवं आलेलं असतं. एका लिटर रक्तद्रवात ते असतं चार-पाच मिलिग्रॅम. आर्य वैश्य समाजातल्या काही कुटुंबांत तर ते मोजण्याइतकंही सापडत नाही. कोइमतूरच्या भारतियार विद्यापीठातले बूपती आणि अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातल्या ओक्साना लॉक्रिज यांच्या गटाने २००६ मध्ये त्याचं एक कारण दाखवलं. विकराच्या साखळीत ३०७ व्या जागी ल्युसीन हवं, तिथे प्रोलीन आलेलं होतं. प्रोलीन ताठर. ते भलत्या जागी आलं की साखळीची घडी बिघडते. मराठवाडा आणि विदर्भाच्या तेलंगणाला लागून असलेल्या जिल्ह्यांतही हा समाज पिढ्यान् पिढ्या राहतो आहे. ज्यांच्या रक्तात हे विकर नाही ती माणसं व्यापार करतात, संसार करतात, म्हातारी होतात. आपल्यात काही उणं आहे याचा त्यांना पत्ताही नसतो.

मग हे विकर हवं कशाला, असा प्रश्न जीवरसायनाच्या अभ्यासकांना बरीच वर्षं पडलेला आहे. भूक वाढवणाऱ्या घ्रेलिन या संप्रेरकाशी त्याचा संबंध आहे हे कळलंय, आणखीही काही गोष्टी पुढे आल्या आहेत. पण त्याचं खरं रूप दिसतं ते बाहेरचं रसायन अंगात शिरतं तेव्हा. भूल देताना टोचलेलं औषध असो की कपाशीवर मारलेलं कीटकनाशक असो, रक्तात शिरल्यावर त्याची गाठ या विकराशी पडते, आणि त्या गाठीची खूण विकरावर राहते. ही खूण वाचण्याची विद्या आपल्याकडे साठ वर्षांहून अधिक काळ आहे. ज्यांच्या रक्तात ती खूण दर पावसाळ्यात उमटते, त्या फवारणी करणाऱ्या मजुरांसाठी मात्र ही विद्या आपण वापरत नाही. हे अज्ञानामुळे घडत नाही. या विकराचा अणू न् अणू आपल्याला ठाऊक आहे. म्हणूनच ही गोष्ट मला अक्षम्य वाटते, आणि ती का अक्षम्य आहे हे समजायला आधी रेणूची रचना नीट पाहावी लागते.

सुरुवात भुलीपासून करू. सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला शस्त्रक्रियेत रुळलं. घशात नळी घालायला ते सोयीचं, कारण दोन-पाच मिनिटांत त्याचा असर उतरतो आणि रुग्ण स्वतःचा श्वास घ्यायला लागतो. उतरतो तो या विकरामुळेच. रक्तातलं औषध तेच तोडून टाकतं. पण क्वचित एखाद्याचा श्वास तासन् तास परत येत नसे. कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठात वर्नर कालो यांनी या रुग्णांच्या रक्ताचा अभ्यास केला. सगळ्यांचा समज असा, की यांच्यात विकर कमी असणार. कालो यांनी १९५७ मध्ये दाखवलं, की अशा अनेकांमधलं विकर वेगळ्याच घडणीचं असतं. डिब्युकेन नावाचं रसायन घातलं की नेहमीचं विकर सुमारे ऐंशी टक्के दबतं, हे वेगळं विकर वीसच टक्के. औषधाचा परिणाम माणसागणिक का बदलतो याचा आनुवंशिक उलगडा करणारी जी शाखा पुढे उभी राहिली, तिच्या पायाच्या दगडांपैकी हा एक. या वेगळ्या विकरात नेमकं काय बदललेलं असतं हे कळायला मात्र १९८९ साल उजाडलं. ५७४ अमिनो आम्लांच्या साखळीत ७० व्या जागी अ‍ॅस्पार्टेट असतं; या लोकांत तिथे ग्लायसीन आहे. जनुकातलं एक अक्षर बदललं, एवढंच. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण तीन हजारांत एकाकडे आईवडील दोघांकडूनही हेच रूप आलेलं असतं.

एका अमिनो आम्लाने एवढा फरक का पडावा? साखळीचा नुसता क्रम पाहून ते कळत नाही. साखळी घडी पडून कशी उभी राहते ते पाहावं लागतं. ते पहिल्यांदा दिसलं १९९१ मध्ये, इस्रायलमधल्या वाइझमान संस्थेत. जोएल ससमन आणि इस्रायल सिलमन यांच्या गटाने पॅसिफिक महासागरातल्या, विजेचा झटका देणाऱ्या टॉर्पेडो जातीच्या माशातून या विकराचं सख्खं भावंड, अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज, काढलं. त्याचे स्फटिक केले आणि क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली. मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचला की निरोप नेणारा अ‍ॅसिटिलकोलीनचा रेणू लगेच मोडून टाकणं हे या भावंडाचं काम. ते इतकं झपाट्याने चालतं, की काम करणारी जागा रेणूच्या पृष्ठभागावर उघडीच असणार, असं कुणालाही वाटलं असतं. निघालं उलटंच. ती जागा एका अरुंद, दोन नॅनोमीटर खोल घळीच्या तळाशी होती, आणि घळीच्या भिंती चौदा सपाट वलयांनी मढवलेल्या होत्या.

मानवी रक्तातल्या विकराची रचना २००३ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे उलगडली. यालाही तशीच घळ आहे. तिच्या तळाशी तिघं एकत्र आलेले असतात: १९८ व्या जागेचं सेरीन, ४३८ व्या जागेचं हिस्टिडिन आणि ३२५ व्या जागेचं ग्लुटामेट. साखळीत एकमेकांपासून शेकडो जागा दूर असलेले हे तिघं घडी पडल्यावर अगदी शेजारी येतात. हल्ला करतं ते सेरीन. हिस्टिडिन त्याच्याकडचा प्रोटॉन ओढून घेऊन त्याला धार देतं आणि ग्लुटामेट हिस्टिडिनला सावरून धरतं. अ‍ॅसिटिलकोलीनचं धनभारित टोक ८२ व्या जागेच्या ट्रिप्टोफॅनच्या वलयाला लागून बसतं, सेरीन रेणूच्या जोडावर घाव घालतं, कोलीन सुटतं, अ‍ॅसिटिलचा तुकडा क्षणभर सेरीनला चिकटून राहतो. मग पाण्याचा एक रेणू येतो, तो तुकडा सोडवतो, आणि विकर पुढच्या रेणूसाठी मोकळं होतं. हे सगळं सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात.

७० व्या जागेचं अ‍ॅस्पार्टेट या घळीच्या तोंडाशी आहे. ते ऋणभारित असल्यामुळे धनभारित रेणूंना आत ओढतं. ग्लायसीनला भार नाही. औषधाचा रेणू दाराशी येतो आणि कुणी आत न घेतल्यामुळे तसाच रक्तात फिरत राहतो. कालो यांचा रुग्ण तासन् तास स्वतःच्या श्वासाविना का पडून राहिला, याचं उत्तर या दाराशी आहे.

भावंडाच्या घळीत चौदा सपाट वलयं, तर या विकराच्या घळीत आठच. उरलेल्या सहा ठिकाणी लहान अंगाची अमिनो आम्लं आहेत. तळाशी जिथे भावंडाकडे दोन फेनिलअ‍ॅलानीन दाटीने उभी आहेत, तिथे याच्याकडे ल्युसीन आणि व्हॅलीन आहे. त्यामुळे घळ ऐसपैस झाली आहे. भावंडाच्या घळीत जे रेणू मावत नाहीत ते इथे सहज उतरतात. सक्सिनिलकोलीन, कोकेन, अ‍ॅस्पिरिन, आणि अनेक कीटकनाशकं.

२००३ ची रचना अपुरी होती हेही सांगायला हवं. स्फटिक व्हावा म्हणून संशोधकांनी रेणूची शेपटी कापली होती आणि त्याच्या अंगावरच्या साखरेच्या नऊ साखळ्यांपैकी काही काढून टाकल्या होत्या. रक्तातलं खरं विकर चार-चारच्या गटाने राहतं. तो पूर्ण गट दिसला २०१८ मध्ये, नमुना अतिशीत गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेल्या चित्रांतून. चारही घटकांच्या शेपट्या एकमेकींत पीळ घालून चार पदरी दोरासारख्या वळलेल्या, आणि दोराच्या मधोमध पाचवा एक परका धागा. तो लॅमेलिपोडिन या भलत्याच प्रथिनाचा तुटलेला, प्रोलीनने भरलेला तुकडा असतो. या बांधणीला फार व्यवहारी अर्थ आहे. सुटा घटक रक्तातून लवकर नाहीसा होतो. चौघं बांधलेले असले की दिवसच्या दिवस टिकतात. विकर टिकतं म्हणून त्याच्यावर उमटलेली खूणही टिकते, आणि आज झालेली विषबाधा आठवड्याने काढलेल्या रक्तातही दिसू शकते.

ती खूण उमटते कशी? सेंद्रिय फॉस्फरसच्या कीटकनाशकाचा रेणू घळीत उतरला, की सेरीन नेहमीप्रमाणे त्याच्यावर घाव घालतं. जोड तुटतो, पण या वेळी सेरीनला चिकटलेला असतो फॉस्फरस. त्याच्या भोवतीच्या अणूंची मांडणी अशी, की पाण्याच्या रेणूला हवी तिथे जागा मिळत नाही आणि हिस्टिडिनची मदतही होत नाही. जे काम क्षणात व्हायचं त्याला तास किंवा दिवस लागतात. विकर बंद पडतं. मज्जातंतूच्या टोकाशी भावंडाचंही हेच होतं. तिथे अ‍ॅसिटिलकोलीन साचत जातं. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, तोंडाला फेस येतो, छातीत पाणी भरतं, अंगाचे स्नायू उडायला लागतात, शेवटी श्वासाचे स्नायूच थकतात.

पुढचा टप्पा आणखी वाईट. फॉस्फरसला लागलेला एक कार्बनी गट गळून पडतो, मागे ऋणभार राहतो, आणि तो हिस्टिडिनच्या धनभाराशी जखडून बसतो. याला विकराचं ‘जुनं होणं’ म्हणतात. एकदा ते झालं की प्रॅलिडॉक्सिमसारख्या उताऱ्याचा उपयोग होत नाही. किती वेळात होतं, ते विषाच्या रेणूवर ठरतं. दोन इथिल गट असलेल्या विषात भावंडाचं निम्मं विकर जुनं व्हायला दिवसाहून अधिक वेळ मिळतो. दोन मिथिल गट असतील तर चार तासही मिळत नाहीत. कपाशीवर वर्षानुवर्षं मारलं गेलेलं मोनोक्रोटोफॉस दुसऱ्या प्रकारातलं आहे. शिवाय ते शरीरात बदलून मग विषारी होत नाही. डब्यातून निघतं तेच थेट घाव घालणारं. वावरात चक्कर येऊन पडलेला माणूस गावातून तालुक्याला आणि तालुक्याहून जिल्ह्याला नेईपर्यंत किती तास जातात, हे विदर्भात कुणाला सांगायला नको. त्या रेणूवरचे दोन मिथिल गट आणि आपल्या रुग्णवाहिकेची वेळ यांचा हिशेब एकत्र मांडला, तर वाचवायची संधी कुठे निसटते ते स्पष्ट दिसतं.

या विकराविषयी एवढं ज्ञान जमा झालं, त्यातल्या बऱ्याच भागाला पैसा युद्धाच्या भीतीने पुरवला. जर्मनीत आय. जी. फार्बेन कंपनीचे गेरहार्ड श्राडर शेतातल्या किडीसाठी रसायन शोधत होते. १९३६ च्या डिसेंबरात त्यांच्या हाती टाबून लागलं, दोन वर्षांनी सारिन. दोन्ही लष्कराने उचलली. पुढे अमेरिकी लष्कराच्या लक्षात आलं, की हे विकर विषाचा एक-एक रेणू स्वतःवर ओढून घेऊन त्याला मज्जातंतूपर्यंत जाऊ देत नाही. मग माणसाच्या रक्तद्रवातून ते शुद्ध करून सैनिकाला आधीच टोचावं, असा प्रयत्न सुरू झाला. एका रेणूमागे विकराचा एक रेणू खर्ची पडतो, म्हणून एका माणसाला सुमारे २०० मिलिग्रॅम लागेल असा अंदाज. त्यासाठी चाळीस लिटरांहून अधिक रक्तद्रव हवा. सैनिकासाठी हा खर्च करण्याची तयारी जगाने दाखवली. याविषयी माझी तक्रार नाही. सैनिकाचा जीव मोलाचाच आहे. पण त्याच कुळातलं विष रोज आठ तास पाठीवर घेऊन चालणाऱ्या माणसासाठी फक्त रक्त तपासायचं आहे. त्याला चाळीस लिटर लागत नाहीत, काही थेंब पुरतात.

ती तपासणी कशी होते पाहा. जॉर्ज एलमन आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये ही पद्धत दिली. रक्तद्रव वेगळा काढायचा, त्यात गंधक असलेलं कोलीनचं एक संयुग आणि एलमनचं रसायन घालायचं. विकर जिवंत असेल तर ते संयुग तोडतं, सुटलेलं गंधक त्या रसायनाला भिडतं आणि नळीतलं पाणी डोळ्यांदेखत पिवळं होत जातं. किती वेगाने पिवळं होतं हे प्रकाशमापी यंत्र मोजतं. विष चढलेल्या माणसाची नळी फिकी राहते. काम मिनिटांचं. साध्या जैवरसायन यंत्रावर होतं, आणि शेताच्या बांधावर नेता येतील अशी बॅटरीवरची छोटी यंत्रंही आहेत.

याहून बारकाईने वाचायचं तर तेही शक्य आहे. टोकियोच्या भुयारी रेल्वेत २० मार्च १९९५ रोजी सारिन सोडलं गेलं. दोन वर्षांनी नेदरलँड्समधल्या टीएनओ संस्थेच्या संशोधकांनी बाधितांच्या साठवलेल्या रक्तात फ्लोराइड घालून सेरीनला चिकटलेला तुकडा सोडवला आणि पुन्हा सारिनच मिळवलं. पुढे पद्धत आणखी सुधारली. विकराचे पेप्सिनने तुकडे करायचे, १९८ वं सेरीन असलेला नऊ अमिनो आम्लांचा तुकडा वेगळा काढायचा आणि त्याचं वजन करायचं. वजनात किती वाढ झाली यावरून कोणत्या घराण्यातलं विष बसलं ते कळतं. ऑगस्ट २०२० मध्ये रशियातले नेते अलेक्सी नवाल्नी यांना बर्लिनला आणलं. शारिते रुग्णालयाने दोन दिवसांत जाहीर केलं, की त्यांना कोलिनेस्टरेज रोखणाऱ्या द्रव्याची बाधा झाली आहे. पुराव्याचा पाया हेच विकर होतं.

आता २०१७ च्या पावसाळ्यातलं यवतमाळ. कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, बोंडअळी पडली होती, हवेत दमट उकाडा. पाठीवर पंप, नोझल वर धरलेला, आणि तुषार तोंडावर येणारे. जुलै ते ऑक्टोबर या काळात जिल्ह्यात फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात भरती करावं लागलं, काहींची दृष्टी अधू झाली. शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं. कोलिनेस्टरेजची तपासणी करण्याची सोय तिथे नव्हती, ही गोष्ट तेव्हाच समोर आली. कोण किती विषात होतं, कुणाचं कशाने बिघडलं, याची सर्वांत भरवशाची नोंद त्या माणसांच्या नसांतून वाहत होती. ती कुणी घेतली नाही. रुग्ण बरे होऊन घरी गेले किंवा दगावले, तेव्हा नोंदही त्यांच्याबरोबर गेली.

त्यानंतर जी चर्चा झाली ती मुख्यतः हातमोजे, मास्क आणि चष्म्याची. मजुराने ते घातले नाहीत, म्हणून बाधा झाली, असा तिचा सूर. पस्तीस अंशांच्या उकाड्यात, गुडघाभर चिखलात, जाड कपडे आणि रबरी हातमोजे घालून तीन-चार एकर फवारून दाखवावं, मग असं बोलावं. साधनं दिली पाहिजेत याबद्दल वाद नाही. पण ती पुरेशी ठरली की नाही, हे सांगणारी एकच गोष्ट आहे, आणि ती रक्तात आहे.

सर्वांत बोचणारी बाब पुढेच आहे. आपल्या कायद्याला हे विकर माहीत आहे. कीटकनाशके नियम, १९७१ मधला ३७ वा नियम वैद्यकीय तपासणीचा आहे. फवारणीच्या कामावरच्या माणसांचीही तपासणी व्हावी असं तो म्हणतो. आणि सेंद्रिय फॉस्फरस किंवा कार्बामेट कीटकनाशक असेल तर रक्तातल्या कोलिनेस्टरेजची पातळी किमान महिन्यातून एकदा मोजावी, असंही म्हणतो. पण हे कुणासाठी, तर उत्पादन करणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांसाठी. कारखान्यात विष बंद टाकीत आणि नळात असतं, वायुविजन असतं, तरी कामगाराचं रक्त दर महिन्याला बघायचं. तेच विष बाटलीत भरून गावात आलं, बादलीत काठीने ढवळलं, वाऱ्यावर उडवलं, की मासिक मोजणीचा नियम संपतो. हा फरक विज्ञानाने केलेला नाही. सेरीन १९८ दोघांच्याही रक्तात एकच आहे.

दुसरीकडे काय होतं ते पाहण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियात १९७४ पासून नियम आहे. महिन्यात सहाहून अधिक दिवस ही कीटकनाशकं हाताळणाऱ्या कामगाराची आधी मूळ पातळी मोजायची. हंगामात ती मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की कामाची पद्धत तपासायची. तांबड्या पेशींतल्या भावंडाची पातळी ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातल्या या विकराची ६० टक्क्यांवर उतरली, की माणसाला त्या कामावरून बाजूला करायचं आणि ८० टक्क्यांवर परत आल्याशिवाय घ्यायचं नाही. वॉशिंग्टन राज्यात सरकार हे सक्तीचं करायला तयार नव्हतं. शेतमजूर न्यायालयात गेले, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि २००४ पासून तपासणी सुरू झाली.

या नियमातला कळीचा भाग आहे ‘स्वतःची मूळ पातळी’. प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेली सर्वसाधारण मर्यादा इथे फसवते, कारण निरोगी माणसांतच ही पातळी दुपटीहून अधिक फरकाने बदलते. समजा, एखाद्या मजुराचा मूळ आकडा ११ हजार आहे आणि महिनाभर फवारणी केल्यावर तो ६ हजारांवर आला. त्याचं जवळपास निम्मं विकर विषाने बांधलं गेलं आहे. अहवाल मात्र ‘सामान्य’ म्हणून येईल. उलट, ७० व्या जागी ग्लायसीन असलेला किंवा आर्य वैश्य कुटुंबातला एखादा माणूस पंपाला हातही न लावता विषबाधित ठरेल. यकृताचा आजार, कुपोषण, गरोदरपण यांतही पातळी उतरते. म्हणून बाधा झाल्यावर दवाखान्यात एकदा रक्त काढणं पुरेसं नाही. हंगामाआधी, जूनच्या अखेरीला, धडधाकट असताना माणसाचं रक्त तपासलेलं असलं पाहिजे. रेणूची रचना आणि तिच्यातले आनुवंशिक फरक यांचा अभ्यास आपल्याला नेमकं हेच शिकवतो.

याला आक्षेप घेतले जातात. त्यांतला एक रास्त आहे. आजची बरीच कीटकनाशकं या विकराला हातच लावत नाहीत. इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल, डायफेन्थियुरॉन यांची बाधा एलमनच्या नळीत दिसणार नाही. २०१७ मध्ये यांचाही वापर झाला होता, मिश्रणं करून झाला होता. म्हणून तपासणी म्हणजे सर्व रोगांवरचा उतारा, असं मी म्हणत नाही. पण उरलेली विषं दिसत नाहीत म्हणून जी दिसतात त्यांच्याकडेही पाहायचं नाही, हा युक्तिवाद टिकत नाही.

दुसरा आक्षेप म्हणजे विषच बंद करा, मोजत कशाला बसता? बंदी हवीच. पण तिचा आपला इतिहास पाहा. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यासाठी २००५ मध्येच मनाई झाली. तरी ते बाजारात होतं, आणि जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात माध्यान्ह भोजनाच्या तेलात ते मिसळलं गेलं तेव्हा २३ मुलं दगावली. त्याच्या ३६ टक्के द्रावणावर केंद्राने बंदीचा आदेश काढला तो २०२३ मध्ये. एकाची जागा दुसरं घेतं. तोवर पंप चालूच असतो.

मला खरोखर अडवणारा प्रश्न मजुराचा आहे. पातळी उतरली म्हणून त्याला पंधरा दिवस घरी बसवलं, तर त्याची चूल कोण पेटवणार? रोजी बुडवणारी तपासणी कुणीही शहाणा मजूर करून घेणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल. तेव्हा तपासणीबरोबर त्या दिवसांची मजुरी आली पाहिजे, आणि ती कीटकनाशक विकणाऱ्यांकडून वसूल केलेल्या शुल्कातून आली पाहिजे. आज भरपाई म्हणून जे आहे ते तोकडं आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेत कीटकनाशकाच्या विषबाधेचा समावेश आहे, पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदारासाठी आणि त्याच्या घरच्या एकासाठी. विदर्भात दिवसाच्या मजुरीवर फवारणी करणाऱ्यांत भूमिहीनांची संख्या मोठी आहे. त्यांच्याकडे सातबारा नाही. त्यांच्याकडे पुरावा म्हणून दाखवण्याजोगं आहे ते त्यांच्याच रक्तातलं, फॉस्फरस बसलेलं विकर, आणि तेही काही आठवडेच टिकणारं.

मूलभूत संशोधनाचा सामान्य माणसाला उपयोग काय, असं आपल्याकडे वारंवार विचारलं जातं. टॉर्पेडो मासा, स्फटिक, घळीतली वलयं या सगळ्याचं उत्तर एका साध्या पिवळ्या नळीत आहे. संशोधकांनी त्यांचं काम केलं. नळी प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेणं हे काम त्यांचं नाही, शासनाचं आहे, आणि त्यासाठी नवा शोध लागायची वाट पाहावी लागत नाही. कापसाच्या जिल्ह्यांतली आरोग्य केंद्रं निवडा. पेरणीनंतर, पहिल्या फवारणीआधी गावोगाव मूळ पातळी मोजा आणि ती मजुराच्या हातात कार्डावर लिहून द्या. हंगामात महिन्याला एकदा पुन्हा मोजा. उतरली तर त्याला पंपापासून दूर ठेवा आणि मजुरी द्या. आणि ३७ व्या नियमात दुरुस्ती करून मासिक मोजणीचा हक्क कारखान्यातल्या कामगाराइतकाच वावरातल्या फवारणी करणाऱ्यालाही द्या. विधिमंडळात कापूस पट्ट्यातले आमदार बसतात, संसदेत खासदार बसतात. येत्या खरिपाआधी त्यांनी ही मागणी लावून धरावी, आणि मत मागायला येतील तेव्हा गावाने त्यांना तिचा हिशेब विचारावा.